गिअरबॉक्सचा दिवा जातो आणि परत येतो: जुन्या ऑटोमॅटिक पिकअपमधला दोष कसा शोधायचा

गिअरबॉक्सचा दिवा एकदा लागून लागलेलाच राहिला, तर काम त्या मानाने सोपं असतं. दोष हजर असतो, मीटर लावला की सापडतो. डोकं खातो तो येणारा-जाणारा दिवा. चढावर लागतो, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की गायब, मग काही दिवस शांतता आणि एक दिवस परत हजर. गॅरेजमध्ये नेली की नेमकी गाडी शहाण्यासारखी वागते. अशा वेळी माणसं दोन टोकांना जातात. काही जण कोड (कॉम्प्युटरने साठवलेला दोषाचा नंबर) पुसून विसरून जातात. काही जण कुणी "गिअरबॉक्स गेला" म्हटलं की तो खाली उतरवायला देऊन मोकळे होतात. दोन्ही घाई. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या पिकअपमध्ये असा लपंडाव खेळणारा दिवा पुष्कळदा वायर, कनेक्टर, अर्थिंग किंवा ऑइलच्या पातळीपायी लागलेला असतो. गिअरबॉक्स उघडण्याआधी हे सगळं तपासून होतं, आणि त्यातलं बरंचसं साध्या मल्टिमीटरवर.

दिवा म्हणजे "गिअरबॉक्स खराब" असा निकाल नव्हे. कॉम्प्युटरने एक सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) चालू केला आणि अपेक्षित करंट गेला नाही, किंवा आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या वेगांचा हिशेब जुळला नाही, किंवा ऑइल फार तापल्याचं सेन्सरने सांगितलं, इतकंच त्याला कळतं. तक्रार खरी की तक्रार करणारा सेन्सरच खोटा, हे आपण शोधायचं.

दिवा नेमका कोणता?

हे विचारलं की अनेकांना खात्रीने सांगता येत नाही, म्हणून आधी फोटो काढा. "ओ/डी ऑफ" हा दिवा स्थिर लागला असेल तर बहुधा ओव्हरड्राइव्हचं (इंजिनचे फेरे कमी ठेवणारा सर्वांत वरचा गिअर) बटण दाबलं गेलंय, बाकी काही नाही. तोच दिवा लुकलुकत असेल तर मात्र कोड साठवलेला आहे. फोर्डच्या १९८९ पासूनच्या ई४ओडी गिअरबॉक्सवर आणि टोयोटाच्या ए३४० मालिकेच्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सवर हीच पद्धत. निसानच्या जुन्या गाड्यांवर "ए/टी चेक" असा वेगळा दिवा सापडतो. "ए/टी ऑइल टेम्प" किंवा थर्मामीटरचं चित्र असलेला दिवा फक्त तापमानाचा. फोर-व्हील ड्राइव्हचा लुकलुकणारा दिवा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) बाजूचा असतो, तो धागा पूर्ण वेगळा. आणि कित्येक गाड्यांना गिअरबॉक्सचा स्वतंत्र दिवाच नाही, तिथे बिचारं चेक इंजिनच दोघांचं ओझं वाहतं.

ओव्हरड्राइव्हचं बटण स्टिअरिंगजवळच्या गिअर लिव्हरच्या टोकावर असेल तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. त्या बटणाची वायर लिव्हरच्या नळीतून जाते आणि प्रत्येक वेळी लिव्हर हलवला की वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती आत तुटते किंवा घासून उघडी पडते. मग दिवा मनाला येईल तेव्हा लागतो, ओव्हरड्राइव्ह आपोआप बंद-चालू होतो आणि दोष गिअरबॉक्सवर ढकलला जातो. इंजिन बंद, चावी ऑन आणि ब्रेक दाबलेला ठेवून लिव्हर सावकाश वरखाली करा. दिवा लागला-विझला तर पुढचं वाचायची गरज नाही.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ (स्कॅनरने कोड वाचायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्यापुढच्या गाडीला साधा स्कॅनर लागतो. पण स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतो आणि "पी०७००" एवढंच दाखवतो. त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनवाल्याला दिवा लावायला सांगितलंय. खरा कोड त्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये बसलेला असतो, तो वाचू शकणारा स्कॅनर मिळवा. नुसत्या पी०७०० वर कुणी पार्ट सुचवत असेल तर तो अंदाज आहे. कोडसोबत फ्रीज फ्रेम असेल तर तीही टिपून ठेवा: त्या क्षणी वेग किती, इंजिनचे फेरे किती, पाणी किती तापलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषात कोडपेक्षा ही माहिती जास्त कामाची ठरते.

ओबीडी-२ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत दिव्याच्या लुकलुकण्यातूनच कोड मोजायचा. टोयोटामध्ये चावी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, ओव्हरड्राइव्हचं बटण चालू स्थितीत ठेवायचं, बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीतले टीई१ आणि ई१ एका वायरने जोडायचे आणि ओ/डी ऑफ दिव्याकडे बघायचं. सेकंदाला दोनदा असा एकसारखा लुकलुकत राहिला तर काही साठलेलं नाही. चार वेळा, थोडं थांबून दोन वेळा, म्हणजे ४२: पहिला स्पीड सेन्सर. ६१ म्हणजे दुसरा स्पीड सेन्सर. ६२ आणि ६३ हे शिफ्ट सोलेनॉइड, ६४ लॉक-अपचा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिन आणि गिअरबॉक्समधली ऑइलची जोडणी) थेट जखडणारा. टीई१ ओळखताना झाकणाच्या आतला नकाशा नीट बघा. भलत्या दोन पिना जोडल्या तर फ्यूज उडतो, किंवा त्याहून महागडं काहीतरी.

बॅटरीची वायर काढून "रिसेट" करायचा मोह आवरा. जुन्या गाड्यांत त्याने कोड तर जातोच, गिअर बदलण्याच्या वेळांची शिकलेली जुळणीही काही मॉडेलांत पुसली जाते, आणि मग काही काळ गाडी उगाच झटके देत चालते. त्या झटक्यांना नवा दोष समजून माणूस आणखी गोंधळतो.

दिवा कधी लागतो?

गाडीत एक वही ठेवा आणि दिवा लागला की तेव्हाची परिस्थिती लिहा: इंजिन गार होतं की तापलेलं, रस्ता सपाट की चढ, पाऊस, खड्डा, वळण, हेडलाइट आणि एसी चालू की बंद. चार-पाच नोंदी झाल्या की बहुधा चित्र दिसायला लागतं.

चावी ऑन करताच, गाडी हलायच्या आधी लागला, तर विषय विजेचा. त्या क्षणी गिअरबॉक्समध्ये काही फिरतच नसतं. कॉम्प्युटर फक्त सर्किटं तपासत असतो. वीस-पंचवीस मिनिटं चालवल्यावर लागत असेल तर तापल्यावर आतून तुटल्यासारखी होणारी सोलेनॉइडची कॉइल, तापलेलं ऑइल किंवा चोंदलेला फिल्टर. खड्ड्यात लागला तर वायरिंग. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारताना लागला तर आधी ऑइलची पातळी, कारण पातळी कमी असली की ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप क्षणभर हवा ओढतो. पावसात किंवा गाडी धुतल्यावर लागला तर खालचा कनेक्टर किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला रेंज स्विच. हा रेंज स्विच कॉम्प्युटरला लिव्हर पार्कमध्ये आहे की ड्राइव्हमध्ये ते सांगतो. त्याच्या आतले पॉइंट झिजले की पार्कमधून रिव्हर्समध्ये टाकताना दिवा लागणं, कधी स्टार्टरच न फिरणं, रिव्हर्सचा दिवा मधेच जाणं अशी जोडीची लक्षणं दिसतात. कोड पी०७०५ च्या आसपासचा. नवा स्विच घ्यायच्या आधी लिव्हरची केबल किंवा लिंक ढिली होऊन स्विच सरकला नाही ना, ते बघा.

स्पीडोमीटरचा काटा दिवा लागायच्या क्षणी थरथरतो का किंवा शून्यावर पडतो का, हेही लक्षात ठेवा. काटा आणि दिवा एकाच वेळी गडबडले तर बाहेरच्या शाफ्टचा स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर. सेन्सर खोलला की टोकाला करड्या चुऱ्याचा थर दिसेल, कारण आत चुंबक असतो. थोडा चुरा साहजिक आहे. पुसून परत बसवा आणि चालवून बघा.

ऑइल, पण नीट पद्धतीने

पातळी गार इंजिनवर बघून उपयोग नाही. गाडी सपाटीवर, गिअरबॉक्स पुरता तापलेला, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर एकेका गिअरमध्ये दोन-दोन सेकंद फिरवून परत पार्कमध्ये, मग डिपस्टिक. डॉज रॅमसारख्या क्रायस्लरच्या जुन्या गिअरबॉक्सना ही पातळी न्यूट्रलमध्ये बघतात, कारण पार्कमध्ये पंपाचं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरकडे जात नाही आणि डिपस्टिक खोटं बोलते. डिपस्टिकच नसलेल्या गाडीत पातळी बाजूच्या प्लगमधून, ठराविक तापमानाला बघावी लागते. जास्त ऑइलही वाईट: फिरत्या भागांनी ते घुसळलं जातं, फेस होतो आणि दाब पडतो.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. तपकिरी झालेलं पण वास साधा असलेलं ऑइल म्हणजे वय. काळं आणि जळकट वासाचं म्हणजे क्लचचा माल (प्लेटांवरचा घर्षणाचा थर) जळतोय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच थांबवा: रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलंय. तशीच चालवली तर ते पाणी क्लच प्लेटांवरचा माल चिकटवणारा गोंद सोडवतं आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उघडावा लागतो.

ऑइलचा प्रकार गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच हवा. एटीएफ+४ (क्रायस्लरचं गिअरबॉक्स ऑइल) लागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये कुणी डेक्सरॉन (जनरल मोटर्सचा वेगळा प्रकार) ओतलं असेल तर लॉक-अप होताना गाडी थरथरू शकते आणि आपण भलत्याच सोलेनॉइडच्या मागे लागतो. "जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बसतो" हे सगळीकडे ऐकू येतं. माझ्या मते घडतं उलट: गिअरबॉक्स घसरायला लागल्यावरच लोकांना ऑइल बदलायची आठवण होते, आणि तो पुढे बसला की दोष ऑइलवर जातो.

वायर, अर्थ आणि अल्टरनेटर

इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५. मग हेडलाइट आणि एसीचा पंखा चालू करून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं थेट गिअरबॉक्सच्या धातूवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कमजोर. इंजिन आणि चासीमधली विणलेली अर्थ पट्टी काढा, दोन्ही टोकं आणि बसायची जागा घासून चकाचक करा, परत आवळा. पट्टी बाहेरून बरी दिसते आणि बोल्टच्या खाली हिरवी झालेली असते.

नंतर मीटर एसी (अल्टरनेटिंग करंट, थंड हवेचा एसी नव्हे) व्होल्टवर टाकून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा, इंजिन चालू. इथे जवळपास काहीच दिसायला नको. अर्धा व्होल्ट दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. याचा गिअरबॉक्सशी काय संबंध? स्पीड सेन्सरचा सिग्नलही एसीच असतो, आणि डायोडमधून गळणारा हा गोंगाट त्याच वायरिंगमध्ये मिसळतो. कमिन्स डिझेल इंजिनाच्या जुन्या डॉज पिकअपमध्ये टॉर्क कन्व्हर्टर उगाच लॉक-अनलॉक होत राहण्यामागे हे कारण वारंवार निघालेलं आहे. खात्री करायची तर अल्टरनेटरचा छोटा प्लग काढून, फक्त बॅटरीवर, एक छोटी फेरी मारा. लक्षण गेलं तर गुन्हेगार बॉनेटखाली सापडला.

आता गिअरबॉक्सच्या अंगावरचा मोठा कनेक्टर. येणाऱ्या-जाणाऱ्या दिव्यासाठी मला सर्वांत आधी संशय याच जागेचा येतो. एक्झॉस्टची धग, चिखल, पाणी आणि आतून गिअरबॉक्सचं ऑइल असा चारही बाजूंनी त्याला मार. गाडी मजबूत स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको), चाकांना अडसर लावा, एक्झॉस्ट गार होऊ द्या. कनेक्टर ओढायच्या आधी त्याच्याभोवतीची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती पिनांत जाते. लॉक दाबून सरळ ओढा, वायरला धरून नव्हे.

आत टॉर्च मारा. पिनांमध्ये लालसर ऑइलचा ओलावा असेल तर आतल्या बाजूचं सील सुटलंय. हे ऑइल तिथे थांबत नाही. वायरच्या तारांमधल्या फटींतून चढत जातं आणि कधीकधी कॉम्प्युटरच्या प्लगपर्यंत पोचतं, म्हणून तिकडचं टोकही उघडून बघा. पिन हिरवट किंवा पांढरी पडली असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. ब्रेक क्लीनर नको, तो रबरी सील खातो. एवढं करून थांबू नका. त्याच मापाची एक सुटी पिन मिळवा आणि समोरच्या प्रत्येक छिद्रात हलकेच घालून बाहेर काढा. प्रत्येक ठिकाणी तोच चिकट अडसर हाताला लागायला हवा. एखाद्या छिद्रात पिन सरकन आत-बाहेर होत असेल तर ती पकड सैल झालीय. खड्ड्यात तुटणारा संपर्क असा हाताला कळतो. मीटरवर तो कनेक्टर जोडलेला आणि गाडी उभी असताना एकदम ठीक दिसतो.

कनेक्टर उघडलाच आहे तर सोलेनॉइडांचा ओहम मोजून घ्या. ए३४० मालिकेच्या शिफ्ट सोलेनॉइडला साधारण ११ ते १५ ओहम हवेत. इतर गिअरबॉक्सचे आकडे वेगळे असतात, काहींमध्ये वीस-तीसच्या घरात, तर दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडला बऱ्याचदा जेमतेम चार-पाच. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा. हीच मोजणी गिअरबॉक्स पुरता तापवून पुन्हा करा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशांना १३ ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशांना १७ च्या जवळ जाणारच. ती वाढ बघून पार्ट फेकू नका. आकडा अचानक अनंत झाला किंवा हार्नेस (वायरांचा जुडगा) हलवताना नाचला, तर दोष सापडला. प्रत्येक पिन आणि गिअरबॉक्सचा धातू यांच्यामध्येही मोजा. ज्या सोलेनॉइडची अर्थ स्वतःच्या अंगातूनच होते ते प्रकार सोडले, तर इथे जोड दिसायला नको.

तापमानाचा दिवा

हा लागला की गाडी बाजूला घ्या, पार्कमध्ये टाका (वर सांगितलेल्या क्रायस्लरच्या जुन्या गिअरबॉक्सना हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये) आणि इंजिन चालूच ठेवा. बंद केलं तर पंप थांबतो आणि कूलरमधून ऑइल फिरणं बंद होतं. दिवा विझेपर्यंत थांबा. ओढाईत, चढावर, ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून असं होत असेल तर तो आधी बंद करा. गिअर सतत वरखाली होणं आणि लॉक-अप सुटणं यातच जास्त उष्णता तयार होते. मग कूलरच्या जाळ्यांतला चिखल आणि दबलेल्या नळ्या बघा.

दिवा खोटा आहे का हे ओळखायला एक बिनखर्चाची युक्ती आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चावी ऑन, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर तीन आकडे बघा: इंजिनचं पाणी, आत येणारी हवा, गिअरबॉक्सचं ऑइल. तिन्ही जवळपास सारखे हवेत. ऑइल एकटंच भलतं गरम दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. या सेन्सरचा रोध तापल्यावर घटतो, म्हणून शॉर्ट झालेली वायर कॉम्प्युटरला उकळत्या ऑइलसारखी दिसते.

लॉक-अप आणि गिअरच्या हिशेबाचे कोड

पी०७४१ (लॉक-अप नीट होत नसल्याचा कोड) आला की लॉक-अप सोलेनॉइड मागवायची पद्धत आहे. त्याआधी एक चाचणी. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ७०-८० किलोमीटरवर वेग स्थिर ठेवा आणि अॅक्सिलरेटर न हलवता ब्रेकचं पेडल नुसतं टेकवा, दिवे लागतील इतपतच. लॉक-अप झालेला असेल तर इंजिनचे फेरे दोन-चारशेने वर जाऊन पेडल सोडल्यावर काही क्षणांनी परत खाली येतात. काहीच बदल नाही म्हणजे तो आधीपासूनच सुटलेला. मग ब्रेकचा स्विच बघा. तो सरकला असेल तर कॉम्प्युटरला ब्रेक कायम दाबलेला वाटतो आणि तो लॉक-अप देतच नाही.

पी०७३० ते पी०७३४ हे वेगांच्या हिशेबाचे कोड. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत, स्पीड सेन्सर ट्रान्सफर केसच्या मागे असेल तर लो रेंजचा स्विच आधी तपासा. तो बिघडला की कॉम्प्युटरला लो गिअर कळत नाही आणि हिशेब चुकतो. हा स्विच बरा, स्पीड सेन्सर बरे, पातळी बरोबर आणि तरी त्याच गिअरला फेरे वर पळतात पण गाडी ओढत नाही, तर आत क्लच घसरतोय. आता चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची परात) खोला. तळाच्या चुंबकावर करड्या लोण्यासारखा बारीक लगदा चालतो. पितळी चकाकी, नखाएवढे तुकडे किंवा काळ्या क्लच मालाचा खच दिसला तर उघडण्याचा खर्च टळणार नाही. त्याआधी लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधला ऑइलचा दाब) मात्र मोजून घ्यायला सांगा. नुसता दाबाचा सोलेनॉइड अडकलेला असला तरी क्लच घसरतात.

काम झाल्यावर कोड पुसा आणि वहीतल्या नोंदीसारखीच परिस्थिती मुद्दाम आणा. तापल्यावर लागणारा दिवा गार गाडीच्या दहा मिनिटांच्या फेरीत लागत नाही. शिवाय काही कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात. पहिल्या फेरीनंतर ते स्कॅनरवर "पेंडिंग" म्हणून दिसतात, तेव्हा दिवा नाही तरी ती यादी बघा. तोच कोड परत आला तर त्या सर्किटचं दुसरं टोक, म्हणजे कॉम्प्युटरकडची बाजू, अजून तपासायची राहिली आहे. कोड बदलला असेल तर काम करताना हात लागलेल्या वायरींपासून सुरुवात करा.